एकशे पंचवीस मायक्रॉनचं प्लास्टिक

काकांचा राग कायम नाकावर. गल्लीतले लोक त्यांना तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे तोफ. झेरॉक्स, बाइंडिंग आणि लॅमिनेशनचं त्यांचं दुकान सत्तावीस वर्षं त्याच कोपऱ्यावर होतं. गिऱ्हाइकं बोलणी खाऊनही तिथेच येत, कारण काम चोख. माझ्या लॅमिनेशनमध्ये एक बुडबुडा शोधून दाखवा, असं काका म्हणायचे. अजून कुणाला सापडला नव्हता.

बायको गेल्यापासून घरात ते आणि मुलगी, दोघंच. मुलगी पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. दिवसभर बाटल्यांतलं पाणी तपासायचं आणि घरी आल्यावर परदेशी शिष्यवृत्त्या धुंडाळायच्या, असं तिचं दोन वर्षं चाललं होतं. एकीला वय आड येई, दुसरीला तिथल्या प्राध्यापकाची शिफारस लागे, तिसरी फक्त फी भरी आणि राहायचं-खायचं तुमचं तुम्ही बघा म्हणे. वहीतल्या अशा एकोणीस नावांवर तिने काट मारली. विसावी शिष्यवृत्ती युरोपातल्या एका लहानशा देशाच्या सरकारची, सांडपाण्यावरच्या अभ्यासक्रमासाठी, फीपासून विमानाच्या तिकिटापर्यंत सगळं धरून. तिथे तिची निवड झाली. अट एकच होती: मूळ पदवी प्रमाणपत्रावर परराष्ट्र खात्याचा शिक्का घ्या आणि महिनाअखेरीच्या आत पाठवा. हातात बारा दिवस होते. बारा दिवस म्हणजे रग्गड, असं दोघांनाही वाटलं.

काका दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर गेले. खिडकीतल्या बाईंनी प्रमाणपत्र घेतलं, त्यावरून नख फिरवलं आणि परत सरकवलं. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, मोकळा कागद आणा, म्हणाल्या.

झालं, तोफ डागली. हे साधंसुधं प्लास्टिक नाही, एकशे पंचवीस मायक्रॉनचं आहे, चारही कडा बंद, पन्नास वर्षं पाण्यात बुडवून ठेवा, अक्षर हलणार नाही, असं काकांनी अख्ख्या रांगेला ऐकवलं. बाईंनी ऐकून घेतलं. तीच तर अडचण आहे, असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाचा कागद हातात घेतला.

विद्यापीठात दुसरी प्रत मागायला गेले, तर तिथे पंचेचाळीस दिवसांचा नियम. काकांनी आकाशपाताळ एक केलं. खिडकीवर हात आपटला, मोठ्या साहेबांच्या खोलीत घुसले आणि त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी वॉचमनने दंडाला धरून त्यांना पायऱ्यांपर्यंत आणून सोडलं. मुलगी मागून फाइल छातीशी धरून खाली मान घालून आली. घरी पोचेपर्यंत काकांनी विद्यापीठ, सरकार, युरोप आणि शिक्क्याचा शोध लावणारा माणूस, सगळ्यांना धारेवर धरलं. मशीन ज्याचं, प्लास्टिक ज्याचं, त्याचं नाव तेवढं त्या यादीत आलं नाही. आता अशा माणसाला काय म्हणावं?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शटर अर्धं ओढून त्यांनी इस्त्री तापवली. उष्णतेने थर सुटतो, हे धंद्यातून ठाऊक होतं. पण आधी दुसऱ्या कशावर तरी करून बघावं, एवढी अक्कल शाबूत होती. त्यांनी स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला भिंतीवरून उतरवला. दुकानात मशीन आलं तेव्हा पहिलं लॅमिनेशन त्याचंच केलं होतं. कड सुटली, मग थर सुटू लागला, आणि थराबरोबर त्यांचं नाव, जन्मतारीख, मुख्याध्यापकांची सही, सगळं सोलून वर आलं. हातात नुसता खरबरीत पांढरा कागद उरला. काकांनी इस्त्रीची वायर उपटली आणि इस्त्री भिंतीवर फेकली.

मुलीने पत्र लिहून मुदत वाढवून मागितली. उत्तर आलं, फार सभ्य भाषेत: जागा प्रतीक्षा यादीतल्या उमेदवाराला दिली आहे, आपण पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा. ते ऐकून काका परत पेटले. एक कागद छापायला पंचेचाळीस दिवस लागतात होय, मी पाच मिनिटांत छापून देतो, असला पट्टा सुरू झाला. मुलीने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

"बाबा, पदवी आली त्या दिवशी मी म्हणाले होते, लॅमिनेट करू नका. कॉलेजात आम्हाला बजावलं होतं. आठवतंय?"

काकांना आठवेना.

"नाहीच आठवणार. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही ओरडलात, मला माझा धंदा शिकवतेस का म्हणून. मी गप्प बसले. लहानपणापासून गप्पच बसत आलेय. त्यात माझं वर्ष गेलं, बाबा. तुमच्या ओरडण्यात गेलं."

तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. काकांनी तोंड उघडलं, पण ओरडायचं कुणावर ते त्यांना सुचेना.

पुढचा दीड महिना ते दुकानात मागच्या बाजूला बसून काहीतरी करत राहिले. जाड पुठ्ठ्याची एक पेटी केली, पाठीला कापड, आत मऊ कागद, पदवीला कुठे गोंद लागणार नाही की ताप लागणार नाही. इतकी देखणी वस्तू त्यांच्या हातून आजवर झाली नव्हती. दुसऱ्या प्रतीचा अर्ज केल्यापासून सत्तेचाळिसाव्या दिवशी मुलगी विद्यापीठातून नवी प्रत घेऊन कामावर गेली. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा पेटी टेबलावर होती.

"आण, यात ठेवू," काका म्हणाले.

"प्रयोगशाळेत आहे. माझ्या कपाटात, कुलूप लावून."

"का, घर काय..." सवयीने आवाज चढला, तो त्यांनी मध्येच गिळला. मग हळूच विचारलं, "किल्ली?"

"माझ्याजवळ," ती म्हणाली, आणि वही उघडून नव्या अर्जाच्या तारखा लिहू लागली.

ती पेटी सध्या दुकानात काउंटरवर असते, रिकामीच. गिऱ्हाइकं ती उचलून बघतात, विकत द्या म्हणतात, आणि काकांची बोलणी खातात.