आधी गाणं, मग बोलणं

माझे यजमान शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत निर्यातीचं काम बघत. पंपांचे आणि ट्रॅक्टरचे ओतीव लोखंडी भाग इथून जहाजाने इंग्लंडला जात आणि ते घेणाऱ्या कंपन्यांची माणसं वर्षातून एकदा-दोनदा तपासणीला कोल्हापुरात येत. ह्यांचं शिक्षण मराठी शाळेतलं आणि नंतर डिप्लोमा. इंग्रजी होतं ते ड्रॉइंगवरचं, पत्रव्यवहारातलं. तेवढ्यावर भागेल असं त्यांना वाटलं होतं. पण तिकडून फोनवर पहिला माणूस बोलला तेव्हा हे रिसीव्हर कानाला लावून नुसते उभे राहिले. संध्याकाळी घरी येऊन मला म्हणाले, "तू एवढी इंग्रजी पुस्तकं वाचतीस, ह्ये असलं इंग्रजी कुठल्या पुस्तकात असतंय सांग की."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. इंग्रजी मला डोळ्यांनी येत होतं, कानांनी नाही. कादंबरीत एखादा खाणकामगार किंवा कोळी त्याच्या बोलीत बोलायला लागला की मी तेवढा परिच्छेद ओलांडून पुढे जायचे. तेव्हा माझा काही उपयोग झाला नाही.

उपाय त्यांना जेवणाच्या पानावर सापडला. स्कॉटलंडहून आलेल्या एका तपासनिसाला त्यांनी मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी जेवायला आणलं होतं. दिवसभर त्याचं बोलणं ह्यांना निम्मंसुद्धा कळलं नव्हतं. तांबडा रस्सा नाकाडोळ्यांतून बाहेर आल्यावर तो मोकळा झाला आणि आपण होऊन गायला लागला. 'र' असा घोळवत होता की आमच्या सासूबाई आतून डोकावून बघून गेल्या. तीन गाणी झाली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्याचं बोलणं ह्यांना बरंचसं उमगलं. "बोलताना माणूस पळतोय," ते मला म्हणाले, "गाताना चालतोय. चालणाऱ्याच्या बरोबरीनं आपल्याला जाता येतंय."

तेव्हापासून तो आमच्या घरचा शिरस्ता झाला. येणाऱ्या प्रत्येकाला जेवण झालं की ह्यांचं फर्मान सुटायचं, आधी गाणं, मग बोलणं. बर्मिंगहॅमच्या बाजूचा एकजण आला होता, त्याचं प्रत्येक वाक्य शेवटाला कंटाळून खाली बसायचं. पण त्याने त्याच्या आजोबांच्या तोंडचं साखळ्या घडवणाऱ्या लोहारांचं गाणं म्हटलं तेव्हा तेच खाली बसणं हातोडा पडल्यासारखं वाटलं. लँकेशायरचा एक पोरगेला इंजिनिअर लाजत लाजत मागावरच्या बायकांचं गाणं म्हणाला. ते त्याला त्याच्या आजीकडून आलं होतं आणि म्हणताना त्याचा आवाजही आजीसारखा व्हायचा. हे नंतर मला समजावून सांगत, ही माणसं 'कप'ला 'कुप' का म्हणतात, कुठल्या गावचे शब्दांचे शेंडे खातात. मी भांडी आवरत ऐकायचे. ह्यांच्यामार्फत ऐकलं की मला सगळं समजायचं.

मागच्या पावसाळ्यात हे गेले. कारखान्यातल्या केबिनमध्ये, दुपारी, लॅपटॉपवरचा कॉल संपल्यानंतर थोड्या वेळाने. चहा घेऊन आलेल्या माणसाला ते खुर्चीत मान टाकलेले दिसले. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. कोणाची काही चूक नव्हती, उपचाराला उशीर झाला, तसंही काही नव्हतं.

पण भेटायला आलेल्यांपैकी कारखान्यातला एकजण सासूबाईंसमोर बोलून गेला. त्या दिवशी माल रिजेक्ट झाला होता म्हणे, ओतीव भागांत बारीक भोकं निघाली होती. "त्या गोऱ्याचा आवाज पार बाहेरपतूर येत हुता," तो म्हणाला. "टेन्शन घेतलं साहेबांनी." तो गोरा म्हणजे डरहॅमकडचा, खाणींच्या मुलखातला एक जुना तपासनीस. आमच्याकडे तो दोनदा जेवून गेला होता.

तेवढं एक वाक्य आमच्या घरात राहिलं. माणूस गेला हे मी मान्य केलं होतं. पण जाताना त्यांचं मन कसं होतं, हे कळत नव्हतं. कोणीतरी घालून पाडून बोललं आणि तेच कानात घेऊन ते गेले, असं सारखं वाटायचं. सासूबाईंनी तर त्या गोऱ्याचं नावच टाकलं. 'त्यो वरडणारा' म्हणायच्या.

त्या डरहॅमच्या तपासनिसाची ई-मेल आली होती. चार ओळी, सभ्य. मी उत्तर दिलं, पण जे विचारायचं ते विचारलं नाही. लिहून विचारलं असतं तर लिहून उत्तर आलं असतं, जपून, तोलून. मला त्या दिवशीचा आवाज हवा होता, आणि तो फक्त त्याच्या गळ्यात होता.

वर्ष व्हायच्या आधीच तो कोल्हापुरात आला. ह्यांच्या हाताखाली काम केलेला एक सहकारी आता त्यांच्या जागेवर आहे, त्याचा फोन आला. "वहिनी, त्यांना घरी येऊन भेटायचं हाय. नको असंल तर मी सांगतो काहीतरी." मी रविवारी या म्हटलं. सासूबाईंनाही सांगितलं. त्या रविवारी सकाळी उठून धुतलेलं लुगडं नेसून दाराशेजारच्या कॉटवर जाऊन बसल्या. एरवी पाहुणा आला की त्या आत जातात.

तो आला तो दारातच बूट काढत बराच वेळ वाकून राहिला. साठी ओलांडलेला, उंच, लाल चेहऱ्याचा. ह्यांच्या फोटोसमोर हात जोडून उभा राहिला. मग बसला आणि बोलायला लागला.

मला काही कळेना. ओळखीचा एखादा शब्द यायचा आणि पुढच्या लोंढ्यात जायचा. प्रत्येक वाक्य शेवटाला वर चढायचं, म्हणून तो सांगतोय की विचारतोय तेही समजेना. सहकारी मध्ये बसून अर्थ सांगत होता. पाहुणा पुष्कळ बोलायचा, कपाळाला हात लावायचा, एकदा तर हसला. मग सहकारी म्हणायचा, "म्हणतायत, फार वाईट वाटलं." पुन्हा पुष्कळ बोलणं. "म्हणतायत, साहेब फार चांगले होते."

तो खोटं सांगत नव्हता. घरातल्या बाईला त्रास होऊ नये म्हणून वाटेतले खडे वेचून टाकत होता. पण मला ते खडेच हवे होते. माझा प्रश्न त्याच्यामार्फत गेला असता तर उत्तरही तसंच साफ होऊन आलं असतं.

मी पाहुण्याला माझ्या पुस्तकी इंग्रजीत म्हटलं, "आधी एखादं गाणं म्हणाल का? मग बोलू."

सहकारी दचकला. मराठीत हळूच म्हणाला, "वहिनी, वर्ष व्हायचंय अजून. आजूबाजूला काय म्हणतील?"

त्याचं खरं होतं. ह्यांच्या जाण्यानंतर आमच्याकडे रेडिओ लागला नव्हता, दिवाळीला करंजी तळली नव्हती. तेवढ्यात कॉटवरून सासूबाई बोलल्या. "म्हणू दे की. गानं त्याच्या गावचं हाय. आपला दुखवटा त्याला कशाला लागतोय?"

"आजी, पण गाणं कसलं असंल कुणाला ठावं."

"तू गप बस. लई श्याना झालास."

पाहुण्याला यातलं काही कळलं नसावं, पण गाणं कशासाठी हे त्याला कळलं होतं. ह्या खोलीत तो दोनदा गायला होता. त्याने मला विचारलं, कुठलं? मी दोन्ही तळहात जोडून फडफडवले. त्याला शब्दाने सांगायचं सुचलं नाही मला.

ते कबुतराचं गाणं आहे. त्याच्या मुलखात खाणकामगार शर्यतीची कबुतरं पाळत. हे ऐकल्यावर ह्यांना कोण आनंद झाला होता, कारण आमच्या पेठेतही गच्च्यांवर कबुतरांच्या ढाबळी आहेत. गाण्यातलं कबुतर सगळ्यांच्या आधी उडत गावी पोचतं, पण खुराड्यात न शिरता घराच्या कौलावर जाऊन बसतं. ते आत येत नाही तोवर शर्यत जिंकली असं धरत नाहीत. मग मालक त्याला खाली बोलावतो. मग बायको वाटाणे दाखवते, शेजारी शिट्टी घालतो, पाद्री प्रार्थना म्हणतो, शेवटी गावचा बँड येतो. प्रत्येक कडव्यात नवा माणूस आणि खाली ये म्हणायची तीच ओळ. कबुतर मान वाकडी करून सगळ्यांकडे बघत राहतं.

तो हळू आवाजात सुरू झाला, प्रसंगाचं भान ठेवून. पण ते गाणं हळू म्हणता येणारं नाही. मालकाच्या कडव्यापर्यंत मला काही उमगलं नाही. बायको वाटाणे घेऊन आली तेव्हा 'डाउन'चा 'दून' झालेला कळला. शेजाऱ्याच्या कडव्यात स्वर कुठे ताणले जातात ते कळलं. पाद्री आला तोवर मी त्याच्या आधी शब्दापाशी जाऊन थांबायला लागले होते. धुकं असताना रस्त्यावर एकेक घर दिसत जावं तसं होत होतं. ह्यांना कसं वाटत असेल ते मला पहिल्यांदा कळलं.

बँड वाजून गेला, कबुतर कौलावरच राहिलं, गाणं संपलं. तो रुमालाने तोंड पुसत असताना मी विचारलं, "त्या दिवशी तुमचं भांडण झालं होतं का?"

सहकाऱ्याने खाली मान घातली. पाहुण्याने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि पुन्हा माझ्याकडे. "भांडण?" तो म्हणाला. "कशावरून?"

"माल रिजेक्ट झाला होता. तुमचा आवाज बाहेर ऐकू येत होता."

तो बोलायला लागला आणि मला समजत होतं. प्रत्येक शब्द नाही, पण वाक्य हातातून सुटत नव्हतं. भोकं निघाली होती हे खरं, तो म्हणाला. पण त्यावरचं बोलणं लगेच मिटलं. भाग घासून पुन्हा तपासायचे, मापात नाही बसले तर वितळवायचे, आम्हा दोघांनाही ते काम पाठ होतं. नंतर बराच वेळ आम्ही नुसते गप्पा मारत होतो. तुमच्या यजमानांनी सांगितलं, आज सकाळी आईने मला घोडा म्हटलं. ह्या वयात. का, तर मी नाश्ता उभ्याने खाल्ला, असं ते म्हणाले. त्यावर मी त्यांना सांगितलं, की माझी आई मला खाणीतलं तट्टू म्हणायची. आमच्याकडे खाणीत कोळशाच्या गाड्या ओढायला तट्टं असायची, ती उभ्यानेच खायची, उभ्यानेच झोपायची. मग तुमचे यजमान म्हणाले, बरं झालं, घोडा आणि तट्टू मिळून धंदा करतायत. आणि आम्ही दोघं हसलो. मी मोठ्याने हसतो. माझी बायको मला हसताना खोलीबाहेर पाठवते.

मी ऐकून घेतलं. घोड्याचं बोलणं त्या सकाळी आमच्या स्वयंपाकघरात झालं होतं. तिथे आम्ही तिघंच होतो. हे त्याला ह्यांच्याशिवाय कोण सांगणार?

लग्न होऊन मी पुण्याहून ह्या घरात आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, इथे सगळे सारखे भांडतात. चहा झाला का हे विचारतानाही आवाज चढलेला. भेटायला आलेल्या त्या कारखान्यातल्या माणसानेही शेजारच्या केबिनमधून, काचेपलीकडून एक अनोळखी मोठा आवाज ऐकला होता, एवढंच.

"काय म्हनतोय?" सासूबाईंनी विचारलं.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "आई, भांडण झालं नव्हतं. तुम्ही सकाळी ह्यांना घोडा म्हणालात ना, ते ह्यांनी त्याला सांगितलं."

त्या एकदम ताठ झाल्या. "रागानं सांगितलं?"

"नाही. हसत."

"मला उलटून काय बोलला न्हाय त्यो त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "एरवी बोलतोय. ताट ठेवलं आणि फाटक आपटून गेला. मला वाटलं, चिडून गेला माझ्यावर."

इतके महिने त्यांनी हे मला सांगितलं नव्हतं. ओरडणाऱ्याला त्या रोज शिव्या देत होत्या, आणि आत हे होतं.

"चिडून नाही गेले आई."

"तू समजूत घालायलीस. त्याला इचार. हसला म्हंजे कसा? उगं दात काढल्यावानी का खरं?"

मी विचारलं. शब्द शोधायला वेळ लागला, पण पाहुणा थांबला. मग त्याने सांगितलं नाही, करून दाखवलं. खुर्चीत मागे रेलला, डावा हात डोळ्यांवर आडवा धरला आणि उजव्या हाताची थाप टेबलावर मारत, आवाज न काढता, नुसते खांदे हलवत हसला. त्याचं स्वतःचं हसणं तसं नव्हतं. ते ह्यांचं होतं.

सासूबाई बघत राहिल्या. "व्हय," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "आनी एकदा कर."

मी अर्थ सांगायच्या आत त्याने पुन्हा केलं. ह्या वेळी सहकाऱ्याला हसू आवरलं नाही.

"ह्याला जेवल्याबिगर सोडू नको," सासूबाई मला म्हणाल्या. "आनी बसून जेव म्हनावं."

मी पीठ मळायला घेतलं. बाहेरून त्या दोघांची बोलणी येत होती, त्या त्यांच्या भाषेत आणि तो त्याच्या, आणि मधला सहकारी कोणाचं कोणाला सांगावं ह्या गोंधळात. रस्सा केला नाही, साधंच पिठलं आणि भाकरी होती. पाहुण्याने दोन भाकरी खाल्ल्या.

ते दोघे गेल्यावर सासूबाई कॉटवर आडव्या झाल्या. ह्यांच्यामागे त्यांची दुपारची झोप गेली होती. त्या भिंतीकडे बघत पडून राहायच्या आणि मी खोलीतून गेले तरी कूस बदलायच्या. त्या दिवशी मी दोनदा जाऊन पाहिलं. तोंड थोडं उघडं होतं आणि बारीक घोरणं चाललं होतं. मी पंखा एकावर केला आणि चहाची वेळ टळून गेली तरी त्यांना उठवलं नाही.