अक्काचं एकासणं आणि गाडीखालचा छावा

आमच्या घराण्यात सिंह पाहायला परदेशी गेलेला पहिला माणूस मी. अक्का सोबत आली ती सिंहांवर नव्हे, माझ्यावर लक्ष ठेवायला.

अक्का म्हणजे माझी आई. जन्मानं मारवाडी जैन, पण बोलीनं पक्की खान्देशी. अमळनेरला आमचं सरकी-पेंडीचं दुकान. गिऱ्हाईक सगळं खेड्यावरचं, त्यामुळे अहिराणी तिच्या जिभेवर बसली ती कायमची. माझी ताई लग्न होऊन नैरोबीला गेली होती. तिच्या यजमानांचं, म्हणजे चंपाभाऊंचं, तिथं कापडाचं दुकान होतं. "एकदा याच, सिंह दाखवतो," असा त्यांचा आग्रह कित्येक वर्षं चालू होता. शेवटी एकदाचे निघालो. निघण्याआधी महिनाभर मी गावात सिंहाच्या सवयींवर व्याख्यानं दिली. (सिंह तोवर मी फक्त सर्कशीत पाहिला होता, तोही शेवटच्या बाकावरून!)

सहलीच्या पहिल्या दिवशी अक्काचं एकासणं होतं. म्हणजे दिवसातून एकदाच, एका जागी बसून जेवायचं, आणि तेही सूर्य मावळायच्या आत. मावळला की अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. हे तिचं व्रत बाळंतपणातही मोडलं नव्हतं, तर आफ्रिकेत कशाला मोडेल? ताईनं दशम्या, शेव, मुगाची उसळ आणि कैरीचं लोणचं असा चार पुडांचा डबा भरून दिला.

"डबा मना मांडीवर ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाली.

"अक्का, अन्नाचा वास आला की जनावरं गाडीवर चाल करून येतात. डिकीत ठेवतो."

"सुरेशभाऊ, दशमीच्या वासानं सिंह येत नाही हो," चंपाभाऊ म्हणाले.

पण सिंहांचा अभ्यास कुणाचा होता? डबा डिकीत गेला, पाण्याची बाटलीही गेली. रिकाम्या झालेल्या जागेत मी माझी दुर्बीण ठेवली.

ते रान शहराला लागूनच होतं. नियम एकच: गाडीतून उतरायचं नाही. उतरून जेवायला एक ठरलेली जागा होती. दुपारी चंपाभाऊंनी तिथं गाडी हळू केली, तर मी म्हणालो, "आधी सिंह, मग जेवण." अक्का जिराफ पाहण्यात रमली होती. "याले पानी पेवाले कितलं वाकनं पडत व्हई," एवढंच म्हणाली आणि बराच वेळ त्याच्याकडे मायेनं पाहत राहिली. मी मात्र दुर्बिणीतून एका वारुळाला सिंह समजून दोघांना गप्प बसवत होतो.

ऊन कलल्यावर सिंह सापडले. खरं सांगायचं तर त्यांनाच आम्ही सापडलो. चंपाभाऊंनी गाडी थांबवली, तसं एक अख्खं कुटुंब गवतातून उठून आलं आणि आमच्या गाडीच्या सावलीत आडवं झालं. एक सिंहीण माझ्या दाराशी, दुसरी थेट डिकीला पाठ लावून. मी काच वर करायला घेतली, तर ती आधीच वर होती.

"बघा, जवळून दिसतात की नाही?" चंपाभाऊ कुजबुजले. मी दुर्बीण उलटी धरली, तेवढेच ते लांब दिसले.

एवढ्यात एक छावा डुलत डुलत आला, माझ्या बाजूनं गाडीखाली शिरला आणि दुसऱ्या बाजूनं काही बाहेर पडला नाही. काचेला गाल लावून खाली पाहिलं, तर चाकामागून शेपटीचं टोक तेवढं दिसत होतं.

चंपाभाऊंनी घड्याळ पाहिलं. "अक्का, दिवस मावळायला आला. निघू या. इंजिन चालू केलं की पिलू आपसूक उठेल."

"आन् नही उठनं तं?"

चंपाभाऊंनी किल्लीवरचा हात काढून घेतला.

"त्याले निजू दे," अक्का म्हणाली. "मी उपाशी राहसू. लेकराच्या जिवाशी खेळ नको."

दिवसभरात तिच्या पोटात पाण्याचा घोट गेला नव्हता. ओठ सुकले होते, आणि तरी ही बाई सिंहिणीच्या पोराची झोप राखत शांत बसली होती. मला तिचा इतका अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की काहीतरी पराक्रम केल्याशिवाय गत्यंतरच उरलं नाही.

"मागच्या सीटची पाठ निघते का हो?" मी विचारलं.

"निघते. पण तुम्ही त्यातून जाल का?"

"कधीतरी जात होतो," मी म्हणालो. (लग्नाआधी!)

मी अक्काशेजारी मागेच बसलो होतो. पाठ उचलली, फटीतून हात घातले, डोकं घातलं, खांदे तिरके करून घातले आणि पोटाशी येऊन जो घट्ट बसलो, तो ना पुढे ना मागे. आत काळोख, पेट्रोलचा वास, आणि पत्र्याच्या पलीकडे सिंहिणीचा संथ श्वास. एकदा तिनं पत्र्याला अंग घासलं. मी नवकार मंत्र सुरू केला, तो दुसऱ्या ओळीतच अडला.

"सापडनं का रे?" अक्काचा आवाज.

"सापडलं. पण मी अडकलोय."

"मंग तठेच ऱ्हाय. एकेक पूड सरकाव."

अख्खा डबा काही माझ्या कडेनं जाईना. मग मी अंधारात पुडं सोडवली आणि बगलेखालून एकेक मागे सारू लागलो. पंगतीत लोक वाकून वाढतात, मी पालथा पडून वाढत होतो.

"ही उसळ शे. दशमी दे."

दशमी गेली.

"लोनचं ऱ्हायनं ना."

लोणचं वासानं ओळखून पाठवलं. शेवटी पाण्याची बाटली गेली. एका जागी बसून जेवायचं व्रत तिनं आफ्रिकेत अगदी शास्त्रोक्त पार पाडलं, कारण हलायची सोय कुणालाच नव्हती. चंपाभाऊ पुढून सांगत होते, "सूर्य अजून झाडावर आहे... आता फांदीत आहे... अक्का, सावकाश होऊ द्या." तिनं शेवटचा घोट घेतला, हात जोडले, आणि मग म्हणे सूर्य गेला.

म्हणे, कारण त्यापुढचं मला ऐकूनच माहीत आहे. ऊन गेलं तशी सावलीही गेली. सिंहिणी उठल्या. एकीनं गाडीखाली तोंड घालून छाव्याला हाक दिली, आणि तो जांभई देत बाहेर आला.

"चंपाभाऊ, मला ओढा," मी डिकीतून ओरडलो.

"गप्प ऱ्हाय," अक्का हळूच म्हणाली. "देख, कशी डौलमां चालनी ती. मागे बच्चू. कितलं साजरं."

माझ्यासमोर स्टेपनीचं चाक होतं. तेही मला नीटसं दिसत नव्हतं.

सिंह दूर गेल्यावर दोघांनी एकेक पाय धरून मला बाहेर ओढलं. शर्टाची एक बाही डिकीतच राहिली. अक्कानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, "लागनं का रे भाऊ?" असं विचारलं, आणि पुडात मुद्दाम मागं ठेवलेली शेवटची दशमी माझ्या हातावर ठेवली. तशी दशमी मी पुन्हा कधी खाल्ली नाही.

अमळनेरला परतलो, तेव्हा ओटा माणसांनी भरला. "सुरेशभाऊ, सिंह कसा असतो ते सांगा." मी घसा साफ केला, हात वर केला आणि सुरुवात केली, "तर तो असा येतो..."

आतून अक्काचा आवाज आला, "त्याले काय इचारतस? सिंह चालनात तवय गाडीमां त्याना नुसता पायच व्हतात."

खरं आहे ते. मी सिंह पाहायला गेलो होतो, पण शेवटी पाहिलं ते सिंहांनी मला, आणि तेही अर्धंच.