भागीरथीबाईंनी शिकवलेले उभे राहणे

काही वर्षांमागची मिती पौष शुद्ध सप्तमी, दिवस कासराभर वर आलेला. अमरावतीच्या कापूसबाजारात मी नवाच लिहिणारा म्हणून लागलो होतो आणि बोऱ्यांवर काजळाने आकडे घालीत होतो. आठाचा आकडा अर्धा झाला असताना माझ्या धाकट्या बहिणीची, यमीची, किंकाळी ऐकू आली. भागीरथीबाईंची आणि माझी खरी ओळख त्या क्षणापासूनची.

बाईंना या महिन्यात साठ वर्षे पुरी होतात. पेंढाऱ्यांच्या पळापळीत त्या आईचा पदर धरून धावत होत्या, त्यावरून हा हिशेब मी तीनदा करून पाहिला आहे. त्यांच्या गौरवाच्या वहीतले पहिले पान मी लिहावे असे बाजाराने ठरवले. चूक राहू नये म्हणून ते चारदा उतरवले आहे.

बाई माळ्याच्या घरच्या. बाजाराच्या कडेला वांगी, मेथी विकतात. विलायतेत कापूस कमी पडू लागला, तशा आमच्याकडे अकोल्याच्या, मोर्शीच्या, पार धारणीकडच्याही गाड्या येऊ लागल्या आणि प्रत्येक गाडीखाली राखणीचे कुत्रे आले. हमालांची, गाडीवानांची पोरे त्यांच्यातच खेळत. पोरांना काही शिकवावे लागते, हे बाईंखेरीज कोणाच्या ध्यानात आले नाही. भाजी तोलता तोलता त्या पोरांना सांगत की निजलेल्या, जेवणाऱ्या किंवा पिलांजवळच्या कुत्र्याकडे जायचे नाही. अंगावर आले तर पळायचे नाही, हात खाली ठेवून उभे राहायचे. धन्याला विचारल्यावाचून हात लावायचा नाही, खडा मारायचा नाही. मला तेव्हा याचे हसू येई.

त्या सकाळी बाईंच्या दुकानामागे भुरी नावाची कुत्री तीन पिले घेऊन भाकर खात होती. पाच वर्षांच्या यमीने त्या भाकरीला हात घातला. ती तिकडे जाताना मी पाहिली होती; आकडा पुरा करून उठू, असे म्हटले. तिच्या मनगटावर दात उमटले. माणसे जमली, तेव्हा तिला सांभाळण्याचे काम माझे, म्हणून वडिलांच्या भीतीने मी सांगून टाकले की ती नुसती उभी होती, कुत्रीच धावून आली. कोणी म्हणाले, पिसाळली असेल. अडत्यांनी ठरवले की दिवस मावळायच्या आत बाजारातल्या सगळ्या कुत्र्यांना कुचल्याच्या विषाचे गोळे घालायचे.

बाईंनी यमीची जखम धुतली आणि मला एकदाच विचारले, "खरंच उभी होती ना रे, बाबू?" मी होय म्हणालो. त्या भुरीला दोरीने बांधून तिच्याजवळ बसून राहिल्या.

दुपारी कुचला कुटण्याचा आवाज येऊ लागला. माझा एकही आकडा सरळ येईना. शेवटी मी बाईंकडे जाऊन सगळे सांगितले. त्या अडत्यांना जाऊन सांगतील, अशी माझी समजूत होती.

"मले सांगून काय होते? तिकडं सांग."

"मले भेव लागते, माय. बाबा मारतीन."

"पोट्टे कसे उभे रायतात कुत्र्यापुढं? तसाच उभा राय. पयू नको. हात खाली ठेव अन् हळू बोल."

अडत्यांपुढे मी तसाच उभा राहिलो आणि खरे बोललो. थोरले अडते म्हणाले की एका पोराच्या शब्दावर बाकीच्या पोरांचे हात पणाला कसे लावावेत? तेव्हा बाई पुढे आल्या. त्यांनी आपली सगळी पोरे बोलावली आणि गाड्यांमधून, कुत्र्यांमधून, बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. वेळ कुत्र्यांच्या भाकरीची होती. पोरे जेवणाऱ्या प्रत्येक जिवाला लांबून वळसा घालीत गेली. एक काळा कुत्रा गुरगुरत उठला. समोरचा चिमुरडा खांबासारखा थांबला, नजर जमिनीकडे. कुत्र्याने त्याचे पाय हुंगले आणि तो परत गाडीखाली गेला. पोरे पलीकडे पोचली तेव्हा हमालांनी पागोटी उडवली. कुचल्याचे गोळे खड्ड्यात गेले.

थोरले अडते बाईंना म्हणाले, "माह्या नातवाले कवापासून धाडू?"

"आदी तुमी या, शेठजी. काल निजल्या कुत्र्याले काडी कोनं टोचली?"

सगळा बाजार हसला, शेठजीही हसले.

बाईंची माया मला त्याच संध्याकाळी कळली. यमीला कडेवर आणि वांगी पदरात घेऊन त्या आमच्या घरी आल्या. वडिलांनी काठी उचललेली होती. बाई एवढेच म्हणाल्या की तुमचा लेक आज भर बाजारात खरे बोलला. वडिलांनी काठी कोपऱ्यात ठेवली. लोकांच्या मनातली पिसाळण्याची भीती जावी म्हणून पुढे महिनाभर बाईंनी भुरीला नजरेसमोर बांधून आपल्या हाताने चारले. यमीचे मनगट भरून आले, भुरी धडधाकट राहिली.

आता अकोल्याचे गाडीवानही आपली पोरे आधी बाईंकडे आणून सोडतात आणि मग बैल सोडतात. नव्या पोरांना उभे राहायला यमी शिकवते.

बाईंना वाचता येत नाही, म्हणून हे पान त्यांच्यासमोर मीच वाचणार आहे. भीती आहेच, हात खाली ठेवून, हळू वाचीन. बाईंचे गुडघे बरे राहोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, त्यांना निरोगी शंभर वर्षे मिळोत, आणि या बाजारात येणारे प्रत्येक मूल पहिल्यांदा त्यांच्याच समोर उभे राहो.