मदर व्हर्डेलनं वाट अडवली

...तर नगरसेवक क्रॉकेट भाषण आटोपून मधल्या वाटेनं दाराकडे निघाले, तोच प्रार्थना सुरू झाली आणि दारावरची व्यवस्था बघणाऱ्या व्हर्डेल पेटीग्रूनं पांढरा हातमोजा घातलेला हात वर केला. झालं! प्रार्थना चालू असताना तिचा हात वर गेला की न्यू बेथनी चर्चमध्ये कुणी पाऊल उचलत नाही. या हातानं नवरी थांबवलीय, तिथं नगरसेवकाची काय कथा! पळायचंच होतं तर बाजूच्या दारानं पळायचं. पण त्या भल्या माणसाला लोकांशी हात मिळवत जायची हौस.

भाषणात त्यानं चूकही तशीच केली होती. शनिवारी चर्चच्या तळघरात पालिका लोकांनी स्वखुशीनं दिलेल्या बंदुका जमा करून घेणार होती, आणि यानं व्यासपीठावरून जाहीर करून टाकलं, "पहिलं रिव्हॉल्व्हर आपल्या मदर व्हर्डेल देणार!" टाळ्या पडल्या. व्हर्डेलला मात्र कुणी विचारलंच नव्हतं.

बाई सत्तरीची, म्हणून चर्चमध्ये सगळे मानानं 'मदर' म्हणत. उभा जन्म शाळेची बस चालवली. मागच्या सीटवरची मारामारी नुसत्या आरशातल्या नजरेनं मिटवायची. नवरा हॉलिस गेला, तेव्हा त्याचं रिव्हॉल्व्हर तिनं कुलपात ठेवलं, रीतसर नेमबाजी शिकली आणि सराव कधी सोडला नाही. गोळी काय करते हे तिला कुणी शिकवायला नको होतं. सख्खा भाचा गल्लीच्या कोपऱ्यावर गोळी लागून गेला होता.

मागच्या वसंतात भर दुपारी शेजारीण ओडेसाच्या घराचं मागचं दार दोघांनी फोडलं. ओडेसा फोनवर पोलिसांना हाका मारतेय, आणि व्हर्डेल अंगणात रिव्हॉल्व्हर जमिनीकडे रोखून बस ड्रायव्हरच्या आवाजात ओरडतेय, "ए पोरांनो, बाहेर या!" पोरं कुंपणावरून पळाली. व्हर्डेलनं नंतर शेगडीवर घेवडा चढवला. तो शिजला, दोघींनी खाल्ला, भांडी घासली, तेव्हा कुठं पोलिसांची गाडी आली. उशीर का झाला, हे ती वॉर्डाच्या प्रत्येक बैठकीत विचारत आली. उत्तर ठरलेलं: चौकशी चालू आहे.

आता नाही म्हणावं तर भर चर्चमध्ये क्रॉकेटना बोलावणाऱ्या पाद्रीबुवांचा अपमान, हो म्हणावं तर घरात आपली राखण करायला काही नाही.

"आमेन" झालं. व्हर्डेल वाटेतून हलली नाही.

पाद्री टिलमन हळूच म्हणाले, "मदर, पाहुण्यांना उशीर होतोय."

"ओडेसाला झाला होता तेवढा नाही," ती म्हणाली.

मागच्या बाकावरून कुणीतरी, "बोल गं बाई!"

क्रॉकेट हसले, पण कॉलर सैल करत. "मावशी, पोलिस कमी आहेत, पगारवाढ अडलीय, मी एकटा काय करणार? पण तुम्ही पुढं आलात तर अख्खी गल्ली तुमच्यामागं येईल. सगळ्यांसमोर सांगा ना, शनिवारी येणार ना?"

ओडेसानं हातातला पंखा थांबवला. व्हर्डेलनं क्रॉकेटकडे बघितलं, आरशात बघायची तसंच.

"येईन की बाळा. रांगेत उभं राहून बंदूक जमा करणाऱ्यांनी माझा भाचा मारला नाही, म्हणून माझी घरीच राहील. पण तळघरात खुर्ची टाकून बसेन, आणि पोलिस का आले नाहीत हे तू सांगेपर्यंत उठायची नाही."