आगबोटीची खोड

ज्या आगबोटीवर मी कधी पाय ठेवला नाही, जी मी लांबूनसुद्धा पाहिली नव्हती, तिच्या बुडाला भोक आहे असं मी चारचौघांत सांगितलं. ही चूक माझी, आणि ती मी समजून-उमजून केली. तेव्हा मी बाविशीचा होतो, शिकलेला होतो. लहान होतो म्हणून सुटका करून घ्यावी, तर तेवढा लहान मी नव्हतो.

माझी आत्या फार लवकर विधवा होऊन हिंगोलीकडच्या पुसेगावला आमच्या घरी परत आली. तिनं उभ्या जन्मात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे हिंगोलीजवळ पुरात फुगलेली कयाधू. तीही पैलतीरासकट. हिंगोलीचा एक कापडवाला मूळचा काठेवाडातला होता. तो मुंबईहून आगबोटीनं गावाकडं जायचा. एकदा आमच्या घरी लुगडी दाखवायला आला असताना बोलता बोलता तो म्हणाला की समुद्राच्या मधोमध गेलं की कुठल्याच बाजूला थडी दिसत नाही. आत्याच्या हातातलं लुगडं हातातच राहिलं. तिनं त्याला ते दोनदा सांगायला लावलं. त्या दिवसापासून तिनं द्वारकेचा ध्यास घेतला. देवाला जायचं हे खरंच होतं, पण त्याहून खरं हे की तिला चारी बाजूंनी थडी नसलेलं पाणी एकदा बघायचं होतं. द्वारकेला रेल्वेनंही जाता येतं, असं माझ्या वडिलांनी सांगून पाहिलं. रेल्वे आपल्या हिंगोलीतही आहे, असं उत्तर आलं.

कापडवाल्याच्या सांगण्याप्रमाणे तिकडं जाणाऱ्या आगबोटी दोन. एक जुनी, लहान, बंदराबंदराला थांबत जाणारी. तिचा डेक इतका बुटका की बसल्या जागेवरून पाणी दिसायचं आणि तोंडावर तुषार यायचे. दुसरी नवी, मोठी, विजेच्या दिव्यांची, पण डेकच्या स्वस्त तिकिटाची माणसं तिच्यात खालच्या मजल्यावर बसवायचे.

आमच्याकडं कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. मग आगबोट पारखायची कशी? आम्हाला एकच गोष्ट पारखता येत होती, ती म्हणजे बैल. माझा चुलता त्यातला जाणता. जवळा बाजार गावच्या बैलबाजारात लोक त्याला मुद्दाम सोबत न्यायचे. तो ओसरीवर मांडी घालून बसला आणि त्यानं कापडवाल्याला रीतसर विचारायला सुरुवात केली. जुनीचं वय काय, चाल कशी, भरल्या ओझ्याला थांबते का, आवाज काढते का. कापडवाला बिचारा जमेल तशी उत्तरं देत होता. जुनी शिट्टी घोगरी मारते, चालताना डुलते, पण रस्ता चुकत नाही. नवी अजून डुललेली कुणी पाहिली नाही.

"खोड काय तिची?" चुलत्यानं नवीबद्दल विचारलं.

कापडवाला म्हणाला की अजून तरी कळलेली नाही.

"कळली न्हाई म्हंजे नसंलच असं न्हाई. अजून जू बसलं नसंल मानंवर."

आत्याला हे पटलं. आमचा म्हातारा बैल गाडीवान झोपला तरी बाजारातून गाडी घरी आणून सोडायचा. जुन्या आगबोटीलाही आता रस्ता पाठ झाला असेल, असं तिचं म्हणणं. जवळजवळ ठरलंच. सोबत कोण जाणार हे तर आधीच ठरलं होतं. मी. कारण मी मुंबई पाहिली होती.

इथं मला एक कबूल केलं पाहिजे. मुंबईत मी परीक्षेसाठी गेलो होतो. तिथं एका मित्रानं मला मचव्यात बसवून किनाऱ्याजवळच फिरवलं. तेवढ्यात मी ओकून ओकून अर्धमेला झालो होतो. गावात मात्र मी सांगितलं होतं की मी समुद्रात फिरून आलो. आता 'डुलते' हा एक शब्द ऐकून मी शेजारचा खांब घट्ट धरला, तेही पुसेगावात, ओसरीवर, कोरड्या जमिनीवर. मोठी आगबोट डुलणार नाही असं मला वाटलं. हे सरळ सांगितलं असतं तर लोक हसले असते, एवढंच. मला तेवढंही नको होतं.

आमच्या बाजारात एक रीत होती. जनावराबद्दल कुणी ऐकीव बोललं तर त्यावर घासाघीस चालायची. पण कुणी 'खोड डोळ्यानं बघितली' म्हणालं की सौदा तिथंच थांबायचा. पुढं कुणी विचारायचं नाही, वादही घालायचा नाही. मी म्हणालो, "जुनी आगबोट म्या बंदरात डोळ्यानं बघितली. बुडातून पाणी येऊन राहिलं होतं. खलाशी घागरीनं उपसून राहिले होते."

कापडवाला माझ्याकडं बघत राहिला. तो त्याच आगबोटीनं वर्षानुवर्षं गेलेला, पण आमच्या लोकांसमोर त्याचंही चालेना. चुलत्यानं पागोटं सारखं केलं आणि म्हणाला, "संपलं. नवी."

आत्या एवढंच म्हणाली की तुषार आले असते तर बरं झालं असतं.

हिंगोलीहून रेल्वे, पूर्णेला गाडी बदलली, मनमाडला बदलली, आणि मुंबई. नवी आगबोट खरंच भव्य होती. आम्हाला जिन्यानं खाली, खाली आणि आणखी खाली नेलं. तिथं वळकट्या होत्या, ट्रंका होत्या, लोणच्याचा वास होता, विजेचा दिवा होता. पाणी सोडून सगळं होतं. आत्यानं पथारी टाकली आणि विचारलं, "समिंदर कुठाय?" मी वर बोट दाखवलं.

वर जायला कुणाची मनाई नव्हती. जिना तिथंच होता. पण आगबोट बंदराबाहेर पडली आणि ती मोठी, नवी, बिनखोडीची आगबोट डुलायला लागली. भरल्या पोटाच्या म्हशीसारखी, सावकाश, या कुशीवरून त्या कुशीवर. मी आडवा झालो तो झालोच. माझं डोकं आत्याच्या मांडीवर, तिच्या एका हातात लिंबाची फोड, दुसऱ्या हातात घमेलं. एका खलाशानं येऊन सांगितलं की आज दर्या अगदी शांत आहे. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

मग एक बाई वरून आली. तिच्या केसांवर पाण्याचे थेंब होते. ती आत्याला म्हणाली, "आजी, वर चला. चारी बाजूंनी नुसतं पाणी आहे. काहीसुद्धा दिसत नाही."

आत्या उठायला लागली. मांडी काढून घेताना तिनं माझ्या डोक्याखाली गाठोडं सरकवलं. मी तिचा पदर धरला.

"आत्याबाई, जाऊ नका. मी मरून राहिलो."

"लगीच येते की रे. बघते आन येते."

मी पदर सोडला नाही. बाविशीचा, शिकलेला, मुंबई पाहिलेला माणूस. ती खाली बसली. बाई पुन्हा वर गेली. आम्ही वर आलो ते द्वारका दिसायला लागल्यावर. मला पडावात, म्हणजे किनाऱ्याला नेणाऱ्या होडीत, उतरवलं ते कापसाच्या गठ्ठ्यासारखं, दोघांनी धरून. पडावात आत्या पाण्याला अगदी लागून बसली होती, तिनं हातही बुडवला. पण समोर थडी दिसत होती, देवळाचा कळस दिसत होता.

परतीला मी आगबोटीचं नाव काढू दिलं नाही. आम्ही रेल्वेनं आलो.

पुसेगावात ओसरी भरली. सगळ्यांनी आत्याला विचारलं, समुद्र कसा असतो. आत्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "काय सांगू. चारी बाजूंनी नुसतं पाणी. काईसुदिक दिसत न्हाई." त्या बाईचेच शब्द. लोकांनी हात जोडले. मी मान हलवत बसलो, जणू शेजारी उभं राहून मीही पाहिलं होतं.

नंतरच्या वर्षांत माझं खोटं माझ्या मदतीशिवाय वाढत गेलं. घागरीच्या बादल्या झाल्या, भोक टोपलीएवढं झालं, आणि शेवटी आमच्या गावापुरती ती आगबोट बुडालीसुद्धा. आत्याच्या पुण्याईनं तिच्यातली दोनशे माणसं वाचली असं लोक सांगायचे.

अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यात, पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर गावाला जरा श्वास घेता आला, तेव्हा शेजारच्या काकींनी द्वारकेचं मनावर घेतलं. कापडवाला अजून होता. त्यानं त्यांना सांगितलं की मोठी आगबोट महायुद्धात सरकारनं नेली ती परत आली नाही, पण जुनी अजून रोजच्यासारखी चालू आहे. काकी घाबरून आमच्याकडं आल्या. बुडालेल्या आगबोटीत कसं बसायचं?

आत्या सुपात तुरी निवडत होती. वर न बघता ती म्हणाली, "जाऊच नको बाई तिच्यात. त्याला इचार. त्यानं डोळ्यानं बघितली."

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मी तेव्हा तीन लेकरांचा बाप होतो. अजून एक वाक्य बोललो असतो तर काकी घरी गेल्या असत्या आणि द्वारका राहून गेली असती. मी सांगितलं की ती आगबोट मी पाहिलीच नव्हती. पाणी येत नव्हतं, खलाशी नव्हते, घागरी नव्हत्या. मला डुलण्याची भीती वाटत होती.

काकी हसल्या नाहीत. त्या आत्याकडं वळून म्हणाल्या, "बरं, त्याचं ऱ्हाऊ द्या. पर मोठ्या बोटीतून तुमाला समिंदर दिसला ना बराबर? चारी बाजूंनी?"

माझं खोटं उघडं करताना मी आत्याचंही उघड्यावर आणलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्यानं सूप खाली ठेवलं.

"म्या समिंदर बघितलाच न्हाई," ती म्हणाली. "याचं डोस्कं बघितलं. जाताना सगळ्या वाटंनं."

मग काकी हसल्या, पदरात तोंड घालून, खूप वेळ. आत्या हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती. तिला आता कयाधूपर्यंतसुद्धा चालवत नव्हतं.

"जुनीत बसलो असतो तर बसल्या जागी दिसलं असतं ना रे?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. "बसल्या जागी. आत्याबाई, तुमाला एकदाच बघायला मिळणार होतं, आन ते मी बघू दिलं न्हाई. आधी खोटं बोलून, मग पदर धरून. माझं चुकलं. मला माफ करा."