मामा आणि घोड्यावरचा साहेब

उभ्या सुरत शहरात तुरुंगाच्या आठवणीने ज्याचे डोळे पाणावतात असा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या सासुरवाडीचा निघावा हे माझं नशीब. मामा म्हणजे आमच्या हिचे सख्खे मामा, मूळचे अमळनेरकडचे. तीस वर्षं ते एका मोठ्या तुरुंगात कैद्यांना हातमाग शिकवत होते. निवृत्त झाल्यावर सुरतेत बमरोलीला मुलाकडे आले. मुलगा दिवसभर कामावर, आणि माझा चोवीस मागांचा कारखाना त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे त्यांच्याकडचं सगळं ज्ञान माझ्याच वाट्याला आलं.

हे ज्ञान म्हणजे तुरुंग सुधारले कसे याचा इतिहास. तो सांगायला त्यांना स्थळकाळ लागत नाही. साखरपुड्यात, न्हाव्याच्या खुर्चीत तोंडाला साबण असताना, उधन्याला गाडीवर वाफाळता लोचो खाताना, कुठेही तो सुरू होतो. पूर्वी म्हणे तुरुंग ही शिक्षाच नव्हती. शिक्षा म्हणजे फटके, फाशी नाहीतर हद्दपारी. तुरुंग ही नुसती निकालाची वाट बघायची खोली. मग विलायतेत एका साहेबाच्या हाती जिल्ह्याचा कारभार आला. तो तुरुंग बघायला गेला, तर निर्दोष सुटलेली माणसंही आतच, का तर जेलरची फी भरायला पैसे नाहीत. साहेबाची झोप उडाली आणि तो घोड्यावर बसून गावोगावचे तुरुंग बघत सुटला. घोडाच का, तर तुरुंगाचा वास कपड्यांत इतका मुरायचा की बंद गाडीत त्याचं त्यालाच बसवेना. इथे मामा थांबतात आणि स्वतःच्या सदऱ्याची बाही हुंगून दाखवतात. मग येते 'ती बाई', पहारेकरी जिथे जायला घाबरत त्या बायकांच्या बराकीत तान्ह्या पोरांसाठी कपडे घेऊन गेलेली आणि तिथेच शिवण शिकवायला बसलेली. शेवटी येतो आपल्याकडचा एक छोटा संस्थानिक, ज्याने कैद्यांना भिंतीशिवाय, उघड्या माळावर शेती करायला ठेवलं. हा राजा येईपर्यंत लोचो पार गार झालेला असतो. ही मंडळी आमच्या घरात इतकी नांदली की माझी मुलगी लहानपणी घोड्यावरच्या साहेबाला अमळनेरचा कुणी काका समजायची. दिवाळीला ते येणार का, असं तिने एकदा विचारलंही होतं.

मामांचे नियमही सगळे तिथूनच आलेले. आमच्या नव्या फ्लॅटच्या दाराला बाहेरचं बघायची काच होती. कोठडीच्या दाराला असाच डोळा असतो म्हणून मामांनी पहिल्याच भेटीत ती सुताच्या बोळ्याने बुजवून टाकली. आपण माणसाला बघायचं आणि त्याने आपल्याला बघायचं नाही, हे सभ्य घराला शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून विमावाले, फिल्टरवाले आणि माझे थोरले मेहुणे यांना मी न बघताच दार उघडत आलो आहे. शिवाय कुणालाही ते अर्ध्या नावाने हाक मारत नाहीत. तीस वर्षं नंबरच ऐकले, आता नाव ऐकायचं तर पूर्ण ऐकायचं. रिक्षावाल्याचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव विचारून होईपर्यंत रिक्षा दुसरं गिऱ्हाईक घेऊन गेलेली असते.

एके दिवशी मामा कारखान्यात एका माणसाला घेऊन आले. पन्नाशीचा, काटक, मान खाली. हा भिवसन, माझा विद्यार्थी, अशी त्यांनी वडिलांच्या नावासकट, आडनावासकट ओळख करून दिली. जणू पोरगा परदेशात शिकून आला होता. मग मला बाजूला घेऊन त्यांनी खरं काय ते सांगितलं. शेताच्या बांधावरच्या मारामारीत त्याच्या हातून माणूस गेला होता. बारा वर्षं आत काढून तो सुटला, तर भावाने निरोप धाडला की गावात येऊ नकोस. पलसाण्याच्या चार कारखान्यांत तो जाऊन आला. इतकी वर्षं होतास कुठे, या प्रश्नापाशी चारही ठिकाणी गाडी अडली. तूर्त तो मामांच्याच घरी राहत होता, आणि माझ्याकडे टिकला नाही तर त्याला कामाला दुसरी जागा नव्हती.

मी दुधाने तोंड न पोळताच ताक फुंकून पिणारा माणूस. मी अट घातली की ही गोष्ट कुणाला कळता कामा नये. मामांना ती मुळीच आवडली नाही. आपण होऊन सांगणार नाही, पण कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही, एवढ्यावर ते कसेबसे तयार झाले.

भिवसनला मी सांधणीला घातलं. मागावरचा जुना ताणा संपत आला की त्याच्या हजारो धाग्यांना नव्या ताण्याचे धागे एकेक करून जोडावे लागतात, ती सांधणी. भिवसनची बोटं अशी चालायची की नंदुरबारचा आमचा मुकादम, जो स्वतःच्या लग्नातही कुणावर खूश झाला नसेल, तोही उभा राहून बघत होता. मी निर्धास्त झालो.

त्याच संध्याकाळी सातला पाळी सुटायचा भोंगा झाला. कारागीर दाराकडे धावले. भिवसन मात्र दाराशेजारच्या भिंतीला जाऊन उकिडवा बसला. हात गुडघ्यांवर, मान खाली, आणि शेजारी थोडी जागा सोडलेली. तुरुंगात संध्याकाळी कैद्यांना असं जोडीजोडीने बसवून मोजतात. बारा वर्षांची सवय. भोंगा झाला आणि पाय आपोआप वळले. आधी सगळे हसले. मग मुकादमाचं हसू थांबलं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "शेठ, हा आतून आला आहे का?"

कारागीर दारातच थांबून बघू लागले. भिवसनच्या ते लक्षात आलं, पण त्याला उठता येईना. मालक म्हणून मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. आजही त्याची मला लाज वाटते.

मामा भिवसनला घरी न्यायला आलेच होते. त्यांचा उजवा गुडघा कामातून गेलेला. दहा वर्षांत ते पंगतीतसुद्धा जमिनीवर बसले नव्हते. ते भिंतीला धरत, कण्हत, भिवसनच्या शेजारच्या मोकळ्या जागेत उकिडवे बसले. जोडी पुरी झाली.

मग त्याला वडिलांच्या नावासकट, आडनावासकट हाक मारून ते हळूच अहिराणीत म्हणाले, "आठे मोजाले कोणी येत नही. आपलं आपण ऊठानं."

भिवसन उठला. आता मामांना उठता येईना. भिवसनने एक दंड धरला, आणि दुसरा धरायला जो पुढे झाला तो मुकादम होता. उभे राहिल्यावर मामांनी धोतर झटकलं आणि, आता विचारलंच आहे तर, म्हणून सगळं सांगितलं. बांधावरची मारामारी सांगितली, बारा वर्षं सांगितली, आणि घोड्यावरच्या साहेबापासून माळावरच्या राजापर्यंत कुणालाही वगळलं नाही. रात्रपाळीचे मागही त्या दिवशी उशिरा लागले. दुसऱ्या दिवशी मुकादम एवढंच म्हणाला की सांधणीला असा हात पुन्हा मिळायचा नाही, राहू द्या त्याला.

पुढे महिनाभर भोंगा झाला की भिवसनचा पाय दारापाशी अडायचा. मामा रोज सातला समोरच्या चहाच्या लारीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी, उभे राहायचे. त्यांना बघितलं की तो रस्त्यावर यायचा, आणि दोघं मिळून घरी जायचे. आणि मग एका शनिवारी भिवसन दोन कारागिरांशी कसल्याशा क्रिकेट सामन्यावरून वाद घालत बाहेर पडला आणि तसाच त्यांच्याबरोबर बोलत बोलत बस थांब्याकडे निघून गेला. लारीकडे त्याने बघितलंही नाही.

मी हाक मारणार होतो. मामांनी माझा हात धरला. हातातला चहा तसाच ठेवून ते त्या गर्दीकडे बघत राहिले, तो दिसेनासा होईपर्यंत.

"गया," ते म्हणाले. तोंडभर हसत होते आणि डोळे पुसत होते. मग माझ्या खांद्यावर भार टाकून म्हणाले, "चला जवाईबापू, आते माले घर तुम्हीच सोडा."