वॉशरकाकांच्या हृदयाचं प्रदर्शन

कुठलाही नळ गळू दे, "वॉशर गेलाय, दुसरं काही नाही," हे ठरलेलं निदान. म्हणून त्या प्लंबरला अख्खी गल्ली वॉशरकाका म्हणायची. काकूला मात्र हल्ली नवऱ्याचं बोलणं कानावर पडलं तरी तिडीक उठायची.

कारण ते हृदय. काकांच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून भोक होतं, आणि फुप्फुसाकडून येणारी एक वाहिनी भलत्याच जागी जोडलेली होती. डॉक्टरांनी स्कॅनवरून थ्रीडी प्रिंटरवर त्या हृदयाची हुबेहूब प्रतिकृती काढली आणि तिच्यावर आधी शस्त्रक्रियेचा सराव केला. तसलीच दुसरी, दोन भागांत उघडणारी, काकांना नीट समजावं म्हणून दिली. काकांनी ती बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी मांडली.

"हृदय मोठं झालंय म्हणाले डॉक्टर," ते आल्यागेल्याला सांगत. "मी हिला लग्नापासून सांगतोय, मी मोठ्या मनाचा आहे. आणि हे फिटिंग बघा. असलं काम मी केलं असतं तर कुणी दारात उभं केलं नसतं."

लोक हसत. काकू चहा करून करून वैतागे. शस्त्रक्रियेची तारीख जवळ आली की नेमकी कुणाची तरी टाकी फुटे आणि काका तारीख पुढे ढकलत. उशीर केला तर फुप्फुसातला दाब वाढेल, मग भोक बुजवताही येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते या माणसाच्या डोक्यात शिरेल तर शपथ.

त्या दिवशी शेजारचे मास्तर हृदय बघून गेले आणि काकांनी तारीख पुढे ढकलायला हॉस्पिटलला फोन लावला. काकूचा पारा चढला.

"लोकांकडे थेंब गळला तर जेवण टाकून पळता. आणि स्वतःचं?"

"अगं, इतकी वर्षं चाललंय ना? बघू पुढच्या महिन्यात."

"सगळ्यांना बाहेरून दाखवता. उघडलंत कधी? थांबा, मीच दाखवते."

तिने रागारागाने दोन भाग वेगळे केले आणि भोकात अंगठा घातला. तो सरळ पलीकडे निघाला. चांगलं सुनावायचं होतं, ते राहूनच गेलं. रोज धूळ पुसायची, पण उघडलं तिनेही नव्हतं. एवढं भोक घेऊन हा माणूस लोकांच्या गच्च्यांवर टाक्या चढवत होता. भीतीने तिने ते हृदय घट्ट धरून ठेवलं.

काका त्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हृदय तिच्या हातातून हळूच सोडवून घेतलं. फोनवर पलीकडची बाई कधीची हॅलो हॅलो करत होती.

"हो, ऐकतोय," काका म्हणाले. "पुढची तारीख नको. आहे तिच्या आधीची मिळेल का?"